ठणकणारी खालची दाढ, न चढणारी भूल आणि बर्फ

चिमटा | बुधवार, रात्री ९:१२

धागा दंतवैद्यांसाठी काढतोय, पण बाकीच्यांनी बसायला हरकत नाही.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा. खालची सहा किंवा सात नंबरची (समोरच्या मधल्या दातापासून मोजून) दाढ, आतली नस सुजलेली, दोन रात्री ठणका. ब्लॉक, म्हणजे जबड्याच्या मागे मुख्य मज्जातंतूपाशी भुलीचं इंजेक्शन, दिला. ओठ जड झाला, अर्धी जीभ बधिर झाली, हिरडीला टोचलं तर कळत नाही. सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि बर, म्हणजे ड्रिलचं टोक, इनॅमलमधून उतरून आतल्या डेंटिनला लागला की पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतो.

पूरक इंजेक्शनं आहेतच. पण ब्लॉकनंतर दाढेशेजारी, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत पाच मिनिटं बर्फ धरला तर भूल जास्त पक्की बसते, असं गेल्या काही वर्षांत बरंच छापून येतंय. बर्फाला खर्च नाही, जास्तीची सुई नाही, औषधाचा डोस वाढत नाही. ऐकायला झकास.

प्रश्न तीन. खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर कशामुळे? बर्फ नेमका कुठे, किती वेळ आणि कशात गुंडाळून? आणि ब्लॉकच्या आधी की नंतर? "करून बघा, बिघडतंय काय" हे उत्तर नको. बिघडतं काय, तेही हवंय.

तिरकस | रात्री ९:२०

बर्फ गोळ्यावर शोभतो. आधी ब्लॉक जागेवर द्या.

पेशंट_नं_१३ | रात्री ९:३१

मी डॉक्टर नाही, त्यामुळे बाकावर मागे बसतो. एकच शंका. दाढ ठणकत असताना थंड पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं आणि पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू, असं बऱ्याच जणांचं होतं. याचा या धाग्याशी संबंध आहे का? आणि थंडाने बरं वाटतंय म्हणजे दाढ सुधारतेय असं समजायचं का?

हिमकण | रात्री ९:४४

@पेशंट_नं_१३, संबंध आहे. सुधारत मात्र नाही, उलट.

दाताच्या आतली नस ही चारही बाजूंनी कडक भिंती असलेल्या खोलीत कोंडलेली असते. सूज आली तरी फुगायला जागा नाही. गरम चहाने आतल्या रक्तवाहिन्या फुलतात, दाब वाढतो, कळ मस्तकात जाते. थंडाने त्या आकसतात, दाब उतरतो. सुरुवातीच्या टप्प्यात थंड लागलं की सणक येते. गरम सोसवत नाही आणि थंडच हवंसं वाटतं, हा टप्पा बराच पुढचा. हातात पाण्याची बाटली धरून मिनिटा-मिनिटाला घोट तोंडात घोळवणारा पेशंट दारातून आत आला की एक्स-रेच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं. आणि ठणका एका रात्रीत आपोआप गेला तर पेढे वाटू नका. नस मेलेली असते, पुढचा मुक्काम मुळाच्या टोकाशी.

चिमटा यांना सविस्तर लिहिते, थोडा वेळ द्या.

एअरोटर | रात्री १०:०२

तिरकसराव निम्मे बरोबर आहेत, म्हणून आधी त्यांच्या निम्म्याचं बघू.

सुई खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिमी वर, सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर, साधारण २० ते २५ मिमी आत गेल्यावर हाड लागलं पाहिजे. हाड फार लवकर लागलं तर टोक पुढे पडलंय. लागलंच नाही तर टोक मागे गेलंय, तिथे औषध सोडू नका. पॅरोटिड ग्रंथीत सोडलंत तर चेहऱ्याची ती बाजू काही तास लोंबते आणि नातेवाईक अर्धांगवायू झाला म्हणून धावतात. हाड लागल्यावर मिलिमीटरभर मागे, अ‍ॅस्पिरेशन, म्हणजे सुईत रक्त येतंय का ते बघणं, मग एक मिनिट घेऊन सावकाश. दहा सेकंदांत कार्ट्रिज (भुलीच्या औषधाची नळी) रिकामी करणाऱ्यांनी बर्फाच्या नावाने बोटं मोडू नयेत.

पंधरा मिनिटांत ओठ जड झाला नाही तर ब्लॉक चुकलाय. तिथे बर्फ कामाचा नाही, ब्लॉकच पुन्हा द्यायचा. गाऊ-गेट्स किंवा अकिनोसी (ब्लॉकच्या वेगळ्या पद्धती) येत असेल तर दुसरा प्रयत्न त्या वाटेने.

आता उरलेलं निम्मं. ओठ पूर्ण बधिर आहे, म्हणजे औषध मज्जातंतूपर्यंत पोचलंय. तरीही सुजलेल्या नसेच्या खालच्या दाढेत नुसता ब्लॉक फार मोठ्या प्रमाणात अपुरा पडतो. ओठ हा ओठाचा साक्षीदार, दाढेचा नव्हे.

तिरकस | रात्री १०:०९

त्याचं कारण पीएच. सूज म्हणजे आम्लता, आम्लात भूल चालत नाही. कॉलेजात पहिल्या वर्षापासून ऐकतोय.

गुंगी | रात्री १०:३८

तिरकस, ते कारण अर्धवट आहे. भूल हा माझा रोजचा धंदा, म्हणून जरा लांबण लावते.

गणित खरं आहे. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आत शिरण्याजोगे असतात तो आकडा) सुमारे ७.८ धरला तर ७.४ पीएचला २८ टक्के रेणू तंतूच्या आवरणातून आत शिरू शकतील अशा रूपात असतात. पीएच ६.४ वर आला तर तेच ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सुजलेल्या जागेतच इंजेक्शन दिलं तर ते कमी लागतं. पण ब्लॉकचं औषध तुम्ही जबड्याच्या मागच्या भागात, सुजेपासून काही सेंटिमीटर लांब सोडता. तिथला पीएच नॉर्मल. मग तिथे का फसतं?

मुख्य कारण तंतू बदललेला असतो. सुजेत तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या द्रव्यांनी तो चिथावलेला असतो, नेहमीपेक्षा कमी उत्तेजनेवर पेटतो. त्यातच लिग्नोकेनला कमी दाद देणाऱ्या सोडियम वाहिन्या (तंतूतल्या संदेश पेटवणाऱ्या वाटा), एनएव्ही १.८ आणि १.९ जातीच्या, सुजलेल्या नसेत वाढलेल्या सापडतात. शिवाय मेंदूकडची बाजूही तापलेली असते, दोन रात्री न झोपलेल्या माणसाची तर नक्कीच. आणि काहींमध्ये मायलोहायॉइड मज्जातंतूची फांदी जिभेच्या बाजूने दाढेला जाते, तिला ब्लॉक लागतच नाही.

म्हणून तासभर आधी दिलेली आयब्युप्रोफेनची गोळी ब्लॉकचं यश वाढवते. अभ्यासांत बहुधा ६०० मिग्रॅ असते, आपल्याकडे ४०० आणि ६०० दोन्ही मिळतात. ती प्रोस्टाग्लँडिनच्या मुळावर येते. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, अ‍ॅस्पिरिनने बळावणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपणाचे शेवटचे महिने, यांना नाही. आणि पुण्यात पावसाळ्यात पेशंटला ताप असेल तर डेंग्यू नाही ना ते आधी बघा, तोवर पॅरासिटामॉल.

थंडीचं काम याच जातीचं आहे. ती स्वतः भूल देत नाही. चिथावलेल्या तंतूला जरा मागे ओढते, मग अपुरं पडत असलेलं औषध पुरतं.

शून्य_अंश | रात्री ११:०५

मी दातांचा नाही, पदार्थविज्ञानाचा. गुंगी मॅडमच्या शेवटच्या वाक्याला आकडे जोडतो.

तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्मा ते एक तृतीयांश होतो. मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेगही तापमानाबरोबर घटतो. पण नुसत्या थंडीने संदेश पूर्ण थांबवायचा तर जाड आवरणाचे तंतू ७-८ अंशांच्या आसपास न्यावे लागतात आणि बिनआवरणाचे, म्हणजे ठणका वाहणारे, त्याहून खाली. जबड्याच्या हाडात, रक्त वाहत असताना, पाच मिनिटांच्या बर्फाने ७ अंश? शक्यच नाही. म्हणून "बर्फाने दाढ बधिर होते" हे वाक्य चूक आणि "बर्फाने भुलीला हात मिळतो" हे पटण्यासारखं.

दुसरं, बर्फ का आणि जेलपॅक का नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता शोषतो, आणि वितळून संपेपर्यंत शून्य अंशावरच राहतो. फ्रीझरमधला जेलपॅक सुरुवातीला उणे अठराच्या आसपास आणि मग वर चढत जातो. म्हणजे आधी जास्त गार, नंतर पुरेसा गार नाही. वितळता बर्फ हा निसर्गाचा थर्मोस्टॅट आहे.

तिसरं, फ्रीझरमधून काढलेला बर्फ लगेच तोंडात नको. तो उणे अठराला असतो, ओल्या त्वचेला चिकटतो. बर्फाच्या ट्रेला बोट चिकटतं तसाच. पृष्ठभाग ओला चमकायला लागला, बर्फाला घाम फुटला, की तो शून्यावर आला. मग वापरा.

चौथं, कोरड्या गॉजमध्ये गुंडाळणं म्हणजे बर्फाला स्वेटर घालणं. गॉज ओला करून पिळा, मग गुंडाळा.

पेशंट_नं_१३ | रात्री ११:११

बर्फाला स्वेटर. इथेच पैसे वसूल.

हिमकण | रात्री ११:४०

शून्य_अंश यांनी माझं निम्मं टायपिंग वाचवलं. उरलेलं लिहिते.

बर्फ कशाचा: उकळून गार केलेलं किंवा स्टराइल पाणी. पावडर नसलेल्या नायट्राइल ग्लोव्हचं बोट कापून त्यात ८ ते १० मिली पाणी, हवा काढून गाठ. बोट गच्च भरू नका, पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. अंगठ्याचं बोट फार जाड, करंगळीचं बारीक. तर्जनीचं बोट खाचेत नीट बसतं. लॅटेक्स टाळा, अ‍ॅलर्जीचा प्रश्न नको. पेशंटमागे दोन तयार ठेवा, एक अडीच-तीन मिनिटांत मऊ पडतं. बाहेरून आणलेला बर्फ अजिबात नाही. रसवंतीवरच्या लादीचा तर विचारही नको. खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आपल्याकडे आहे, पण पांढरा दिसला म्हणजे तोंडात ठेवण्याजोगा असं होत नाही.

कुठे: गाल रिट्रॅक्टरने बाजूला, जागा सक्शनने कोरडी, बर्फाचं बोट दुखऱ्या दाढेच्या मुळांसमोर खाचेत आडवं. हिरडीच्या काठावर नाही, त्याच्या खाली, जिथे मुळं आहेत. चावण्याच्या बाजूला किंवा शेजारच्या दातांना टेकू देऊ नका. शेजारच्या दाताला उघडी मूळ असेल तर तिथूनच सणक उठते आणि पेशंटला वाटतं तीच दाढ दुखतेय.

किती वेळ: ५ मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये एकदा उचलून त्वचा बघा. पांढरीफटक दिसली तर थांबा.

खुर्ची: पूर्ण आडवी नको, निम्मी वर. जीभ बधिर आहे, वितळलेलं पाणी घशात गेलं की ठसका. सक्शन शेजारीच धरलेलं हवं.

कोणाला नको: थंडीने अंगावर गांध्या उठणारे, बोटं पांढरी-निळी पडणारे रेनॉडचे पेशंट, क्रायोग्लोब्युलिनेमिया (थंडीत रक्तातल्या प्रथिनांचा साका बसण्याचा आजार). आणि बधिर त्वचेला पोळल्याचं कळत नाही, त्यामुळे "जास्त गार लागलं तर सांगा" या वाक्यावर विसंबू नका. डोळ्यांनी बघा.

फरक पडतो का: २०१९ साली तुर्कस्तानातून आलेल्या अभ्यासात ब्लॉक आणि बर्फ मिळालेल्या गटात यश नुसत्या ब्लॉकपेक्षा जास्त होतं. पण त्या गटातही बऱ्याच जणांना पूरक इंजेक्शन लागलंच. म्हणजे बर्फ ठेवला म्हणून बाकी तयारी आवरून ठेवायची नाही.

तिरकस | गुरुवार, सकाळी ८:१५

रात्रभर विचार केला. हाडाचं काय? वरच्या दाढेला बाहेरचं हाड पातळ, तिथे गारवा पोचेल. खालच्या सातव्या दाढेपाशी हाडाची बाहेरची कड चांगली जाडजूड असते. म्हणूनच तिथे नुसतं इन्फिल्ट्रेशन (दाढेशेजारीच दिलेलं इंजेक्शन) चालत नाही. औषध पोचत नाही तिथे गारवा कसा पोचतो?

शून्य_अंश | गुरुवार, सकाळी ८:४०

औषधाच्या रेणूला हाडातून वाट शोधत सरकावं लागतं, छिद्रं हवीत. उष्णतेला छिद्रं लागत नाहीत, हाडही ती वाहून नेतं, फक्त सावकाश. खरा शत्रू हाड नाही, रक्त आहे. ३७ अंशांचं रक्त सतत येऊन जागा पुन्हा गरम करतं.

गुंगी | गुरुवार, सकाळी ९:०२

अगदी. म्हणूनच त्या जागी आधी अ‍ॅड्रेनॅलिनवालं इन्फिल्ट्रेशन दिलेलं असेल तर बर्फाचं काम सोपं होतं. रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या, पुन्हा गरम करायला रक्त कमी.

सातव्या दाढेबद्दल तिरकसरावांचा मुद्दा मान्य. सहाव्याला जेवढी अपेक्षा ठेवाल तेवढी सातव्याला ठेवू नका.

एक धोक्याची सूचना, कारण हा गोंधळ दर वेळी होतो. बर्फ वेगळा आणि कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवून गार औषध टोचणं वेगळं. गार द्रावण टोचताना जास्त दुखतं, शिवाय थंडीत लिग्नोकेनचा पीकेए वाढतो, म्हणजे आत शिरणारं रूप आणखी कमी. फायदा काहीच नाही. एप्रिलमध्ये बंद क्लिनिक तापतं म्हणून कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ठीक, अ‍ॅड्रेनॅलिनला ऊन-उष्णता मानवत नाही. पण फ्रीझरमध्ये नको, आणि वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कुल्फीपॉट | गुरुवार, सकाळी १०:१७

इतिहासाचा एक पेला. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाऊच्या लढाईत नेपोलियनचा सर्जन लारे याच्या लक्षात आलं की कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या सैनिकांचे पाय कापताना त्यांना फारसं कळतच नव्हतं. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट याने बर्फ आणि मिठाचं मिश्रण त्वचेवर ठेवून बधिर करायची पद्धत चालवली. कोकेन डोळ्यात घालून कार्ल कोलरने स्थानिक भूल दाखवली ती १८८४ ला. लिग्नोकेन १९४३ चं. म्हणजे या शर्यतीत बर्फ सगळ्यांत जुना.

आता अर्नॉट वाचून कोणी बर्फात खडे मीठ घालायला जाईल, म्हणून सांगतो. लाकडी आईस्क्रीम पॉटमध्ये मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खूप खाली जातो, मिश्रण उणे २१ पर्यंत उतरू शकतं. म्हणूनच दूध गोठतं. तोंडातली त्वचाही गोठेल. पॉट आंब्याच्या आईस्क्रीमसाठीच ठेवा.

मुठेकाठचा | गुरुवार, सकाळी १०:२५

आंब्याच्या आईस्क्रीमचा विषय निघाला की माझा तोल जातो. रूट कॅनालनंतर मस्तानी चालेल का?

हिमकण | गुरुवार, सकाळी १०:३१

ओठ-जीभ पूर्ण जागी झाल्यावर चालेल. तोवर काहीही चावू नका, स्वतःचा ओठ चावून घ्याल आणि संध्याकाळी कळेल.

चिमटा | गुरुवार, सकाळी ११:००

मंडळी, मस्तानीपर्यंत पोचलो. तिसरा प्रश्न तसाच आहे. बर्फ आधी की नंतर?

हिमकण | गुरुवार, सकाळी ११:२६

दोन्ही, पण दोन्हीचं काम वेगळं.

आधी, सुई जिथे टोचणार त्या जागी, एक ते दोन मिनिटं: हे टोचण्याची कळ कमी करायला. टाळूतल्या इंजेक्शनला सर्वांत उपयोगी, कारण तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि औषध शिरताना जीव जातो. याने दाढेच्या आतली भूल सुधारत नाही.

नंतर, दाढेच्या मुळांसमोर, पाच मिनिटं: हे धाग्यातलं. ब्लॉक दिल्यावर नसेपर्यंत भूल बसायला दहा-पंधरा मिनिटं लागतातच. ती वेळ मोबाइल बघण्यात न घालवता निम्म्यानंतर इन्फिल्ट्रेशन, मग बर्फ. जास्तीचा एकही मिनिट जात नाही.

माझा क्रम: गोळी तासभर आधी. ब्लॉक १.८ मिली. दहा मिनिटांनी ओठ विचारणं. ओठ जड असेल तर दाढेच्या बाहेरच्या बाजूला ४ टक्के आर्टिकेन (भुलीचं दुसरं औषध) एक कार्ट्रिज. मग बर्फ ५ मिनिटं. मग थंडीची चाचणी, म्हणजे दाढेला गार लावून कळतंय का ते बघणं. ती गप्प असेल तरच बर.

चांदोबा | गुरुवार, दुपारी १२:०५

मुलांकडचं थोडं. सुईआधी बर्फ एक मिनिट हा मुलांमध्ये छान चालतो, पण आधी बोटावर लावून दाखवा, "हे गार आहे, आता दाताशेजारी ठेवते" असं सांगून. न सांगता गार काही तोंडात घातलं तर तेच भांडणाचं कारण. चार वर्षांखालच्यांना गारही दुखल्यासारखंच वाटतं, तिथे हट्ट नको. आणि घरी जाताना आईला बजावून सांगा, दोन-तीन तास ओठ चावतोय का लक्ष ठेव. उरलेलं बर्फाचं बोट मुलाला खेळायला देऊ नका, गाठ सुटली की रबर घशात.

एअरोटर | गुरुवार, दुपारी १:२०

थंडीच्या चाचणीत बरेच घसरतात, म्हणून सविस्तर.

चाचणीला बर्फ नको. वितळतो, पाणी हिरडीवर आणि शेजारच्या दातावर ओघळतं, मग कोण ओरडलं ते कळत नाही. टेट्राफ्लुरोइथेनचा स्प्रे, उणे २६ अंशांचा, मध्यम आकाराच्या कापसाच्या बोळ्यावर पांढरं धुकं बसेपर्यंत. काडीवर गुंडाळलेला बारीक कापूस पुरेसा गारवा धरत नाही. दाढ गॉजने पुसून कोरडी, बोळा बाहेरच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, दहा-पंधरा सेकंद. आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाढेला लावा, पेशंटला गार म्हणजे काय ते कळू दे.

आणि हे महत्त्वाचं: बर्फ उचलल्याबरोबर चाचणी करू नका. दाढही थोडी गार झालेली असते, उत्तर फसवं येऊ शकतं. दोन-तीन मिनिटं थांबा. शिवाय थंडी लागली नाही म्हणजे शंभर टक्के हमी नाही. थंडी लागली तर मात्र शंभर टक्के बर लावायचा नाही.

मुठेकाठचा | गुरुवार, दुपारी १:३४

टेट्राफ्लुरोइथेन म्हणजे गाडीच्या एसीतला आर-१३४ए ना? मग गॅरेजमधला डबा स्वस्त पडेल की.

एअरोटर | गुरुवार, दुपारी १:४१

गॅस तोच. पण गॅरेजच्या डब्यात कधी कंप्रेसरचं तेल, कधी गळती शोधायचा रंग मिसळलेला असतो. तो तोंडासाठी नाही. दुचाकीचं ग्रीसही वंगणच, म्हणून कोणी पराठ्याला लावत नाही.

पेशंट_नं_१३ | गुरुवार, दुपारी १:५५

घरी दाढ दुखत असताना मधल्या मध्ये काय करावं? लवंग तेल की बर्फ?

हिमकण | गुरुवार, दुपारी २:४८

गालावर बाहेरून फडक्यात बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढाच आराम. लवंग तेल हिरडीवर ओतू नका, पोळतं. खड्ड्यात कापसाच्या बारीक बोळ्यावर थेंबभर ठीक. डॉक्टरला मात्र सांगा की लावलंय, कारण त्यातलं युजेनॉल राहिलं तर वरचं दाताच्या रंगाचं फिलिंग नीट बसत नाही. गालाला सूज असताना गरम शेक कधीच नाही. ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली सूज, यातलं काहीही असेल तर बर्फ-लवंग सोडून सरळ मोठं हॉस्पिटल, त्याच रात्री.

कुल्फीपॉट | गुरुवार, दुपारी ४:१०

आज गुरुवार. दुरुस्तीसाठी लाइट गेली होती, आत्ता आली. ज्यांच्या फ्रीझरमध्ये बर्फाची बोटं आहेत त्यांनी बघून घ्या. वितळून पुन्हा गोठलेली बोटं वाकडी होतात आणि खाचेत बसत नाहीत.

हिमकण | गुरुवार, दुपारी ४:१८

वाकडी तर होतातच, गाठीपाशी बारीक गळतीही होते. आधीच बंद पाऊचमध्ये उभी ठेवा, गळती दिसली की फेकून द्या. आणि क्लिनिकच्या फ्रीझरमध्ये बोंबील, मटार, आईस्क्रीम यांचा शेजार नको. वेगळा डबा, वर तारीख.

गुंगी | गुरुवार, सायंकाळी ५:३०

ज्यांच्यासाठी हा बर्फ खरा कामाचा आहे त्या पेशंटबद्दल कोणीच लिहिलं नाही.

हृदयविकाराचा पेशंट. १:८०,००० च्या १.८ मिलीत अ‍ॅड्रेनॅलिन २२.५ मायक्रोग्रॅम. अशा पेशंटला एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे दोन कार्ट्रिजही पूर्ण नाहीत. ब्लॉक फसला की दुसरा, तिसरा, असं करायला जागाच नाही. लिग्नोकेनची मर्यादा ७ मिग्रॅ प्रति किलो, एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिग्रॅ, त्यामुळे साठ किलोच्या माणसात लिग्नोकेन संपायच्या कितीतरी आधी अ‍ॅड्रेनॅलिन संपतं. तिथे सावकाश दिलेला एक नीट ब्लॉक, नंतर १:२,००,००० चं थोडं इन्फिल्ट्रेशन आणि पाच मिनिटं बर्फ हा हिशेब बसतो. लहान मुलांत वजनामुळे हीच अडचण.

धडधाकट तरुणात बर्फाची घाई नाही. तिथे आर्टिकेन इन्फिल्ट्रेशन जास्त भरवशाचं.

दुसरा_दात | गुरुवार, सायंकाळी ६:०४

रूट कॅनालच्या शेवटी कॅनालमध्ये गार सलाइन सोडतात, ते आणि हे एकच का?

हिमकण | गुरुवार, सायंकाळी ६:३२

नाही. ते भुलीसाठी नाही, नंतरच्या दुखण्यासाठी. २.५ अंशांचं सलाइन पाच मिनिटं मुळाच्या टोकापर्यंत सतत खेळवलं तर मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान १० अंशांहून जास्त उतरतं आणि काही मिनिटं तसंच राहतं, असं २०१५ मध्ये दाखवलंय. अडचण अशी की फ्रिजमधली बाटली ४ अंशांची आणि सिरिंज हातात धरली की तीही चढते. बाटली बर्फ-पाण्यात बुडवून ठेवायची, सिरिंजा पाच-सहा भरून तिथेच, एकेक काढायची. हायपोक्लोराइट (कॅनाल धुवायचं द्रावण) मात्र गार वापरू नका, त्याचं काम थंडीत मंदावतं.

तिरकस | गुरुवार, रात्री ८:५०

ठीक आहे, बर्फावरची माझी हरकत हाडापुरती मागे घेतो. एक व्यवहाराची राहिली. हे सगळं करून, बर नसेपर्यंत पोचल्यावरही कळ आलीच तर? पुन्हा बर्फ?

एअरोटर | गुरुवार, रात्री ९:१०

नाही. दाढ उघडल्यावर बर्फाचं दुकान बंद. दाढेच्या कडेने हिरडीच्या फटीत, प्रत्येक मुळाशी ०.२ मिली, दाब लागलाच पाहिजे. सुई सहज रिकामी झाली तर औषध तोंडात गेलंय. तेही पुरलं नाही तर नसेचं तोंड दिसल्यावर थेट त्यात, सुई छिद्रात घट्ट बसवून. पहिला सेकंद कळ येते, ती पेशंटला आधी सांगून ठेवायची. जिभेच्या बाजूने थोडं इन्फिल्ट्रेशन राहिलं असेल तर तेही, मायलोहायॉइडसाठी.

तिरकस | गुरुवार, रात्री ९:१६

आणि पाच मिनिटं ते बोट धरायचं कोणी? असिस्टंट दोन मिनिटांत हात झटकायला लागते.

हिमकण | गुरुवार, रात्री ९:२९

पेशंटने. ग्लोव्हचं बोट कापताना मागे तळव्याचा चार बोटं लांब पट्टा ठेवा आणि गाठीच्या मागे तो तसाच राहू द्या. पट्टा ओठाबाहेर येतो, पेशंटच्या चिमटीत. गिळलं जायची भीती नाही, आणि हाताला काम मिळालं की खुर्चीचे हात सोडतो. असिस्टंटचा एक हात सक्शनला, एक डोळा घड्याळावर.

चिमटा | गुरुवार, रात्री ९:३३

पट्टा कुठल्या बाजूने कापायचा, तळहाताच्या की पाठीच्या?

हिमकण | गुरुवार, रात्री ९:३५

कुठल्याही. फक्त टोकं गोल करा, चौकोनी कोपरा ओठाला घासतो.